पंच्याऐंशीच्या आत

१२ जानेवारी

किडनीच्या डॉक्टरांच्या खोलीत हातवाली खुर्ची होती. मी बसले, म्हणजे अडकले. धाकटा भाऊ शेजारीच उभा होता. त्याने बघून न बघितल्यासारखं केलं. लहानपणापासून एवढं मात्र तो फार छान करतो.

माझं सगळं जुळलंय. रक्तगट आणि पुढचं ते सगळं. डॉक्टर म्हणाले, "सख्खी बहीण, याहून चांगलं काय मिळणार? पण एकशे एकवीस किलोच्या बाईला मी टेबलावर घेणार नाही. पंच्याऐंशीच्या आत या, मग बोलू."

"किती दिवसांत?"

"दिवस?" ते हसले. "वर्ष म्हणा. आणि खाणं कमी करून होत नसेल तर पोटाचं ऑपरेशन आहे. जठर कापून लहान करतात. वजन उतरतंच मग."

धाकटा लगेच म्हणाला, "ताई, असलं काही करायचं नाही हं तू. माझं नाव यादीत आहेच."

यादी म्हणजे मेलेल्या माणसांच्या किडन्या ज्यांना मिळायच्या त्यांची. त्याच्यापुढे त्यात दोनशेच्या वर माणसं आहेत. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तू गप्प बस. तुला काय कळतंय!" तो गप्प बसला. पुन्हा नको म्हणाला नाही. मला बरं वाटलं. म्हणजे त्याला खरंच हवी आहे.

१६ जानेवारी

ही वही खाणं लिहायला घेतली होती. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलंय, जे तोंडात जाईल ते लिहा. तर काल: सकाळी चहा, बिस्किटं सहा. दुपारी डबा. संध्याकाळी दुकानातून आल्यावर पावाचे आठ तुकडे, लोणी आणि वर साखर, ओट्याशी उभं राहून. उभं राहून खाल्लेलं मी जेवणात धरत नाही. बाई म्हणाल्या, "शरीर धरतं."

बाईंनी विचारलं, कधीपासून असं? मी म्हटलं, आई गेल्यापासून. मी वीस वर्षांची होते, धाकटा नऊचा. त्याला भरवायचं, त्याचं उरलेलं आपण संपवायचं. मग तो मोठा झाला, लग्न केलं, वेगळा राहायला गेला. उरलेलं खायची सवय राहिली, फक्त आता आधीचंही मीच खाते. बाई हसल्या नाहीत. मला वाटलं होतं हसतील.

२ फेब्रुवारी

ऑपरेशन ठरवलं. चार मार्च. पंधरा दिवस आधीपासून नुसतं पातळ प्यायचं.

आज मालकांना रजा मागितली. बावीस वर्षं त्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत चष्म्याच्या काचा घासतेय, फ्रेममध्ये बसवतेय, पण एवढी मोठी रजा पहिल्यांदाच. "कशाचं ऑपरेशन?" "पोटाचं." "गाठ?" मी म्हटलं, हो.

काय सांगणार होते? बाईला खाणं आवरेना म्हणून पोट कापून घेतेय, असं? गाठ बरी. मालकांनी चष्मा काढून पुसला आणि रजा लगेच दिली. काउंटरवरच्या बुलबुलला (दिवसभर बोलते म्हणून बुलबुल) तासाभरात कळलं. ती मागे येऊन माझ्या गळ्यात पडून रडली. आता हे निस्तरायचं कसं?

१९ फेब्रुवारी

दवाखान्यातल्या कोऑर्डिनेटर बाईंनी फॉर्म भरून घेतला. किडनी देणारा, घेणारा, कागद, सह्या, सगळं त्या बघतात. त्यांनी विचारलं, "घरातून आणखी कुणाची तपासणी झालीय का?" धाकटा म्हणाला, "नाही. बायकोला सुई बघूनच चक्कर येते." भावजय खाली बघत होती. बिचारीला लाज वाटली असेल. मी म्हटलं, "मी आहे ना. तिला कशाला?"

जाताना धाकट्याच्या पोरीने विचारलं, "आत्या, तुझं पोट कापल्यावर आतलं खाणं बाहेर पडेल का?" अकरा वर्षांची आहे. सगळे हसलो. त्यात मीच जास्त.

६ मार्च

झालं. जठराचा पाऊण भाग काढून टाकला. उरली ती केळ्याएवढी नळी. सर्जनने कागदावर चित्र काढून दाखवलं.

दर पंधरा मिनिटांनी औषधाच्या टोपणाएवढं पाणी. डाव्या खांद्यात दुखतंय. पोट कापलं आणि खांदा का दुखतो कळत नाही. नर्स येते, विचारते, "दहापैकी किती दुखतंय?" मी "दोन" म्हणते. आठ आहे. पण यांच्या वहीत एकदा लिहिलं गेलं की हिला ऑपरेशन सोसत नाही, तर किडनीच्या ऑपरेशनला कोण घेईल मला? शहाण्यासारखं पडून राहायचं.

संध्याकाळी थंडी वाजली. चादर मागून घेतली. पंख्यामुळे असेल.

२ एप्रिल

लिहायला हात आता कुठे चालतोय.

पंख्यामुळे नव्हतं. आतल्या टाक्यांच्या ओळीतून गळत होतं. ते पोटात पसरलं. आठ तारखेला पुन्हा उघडलं, असं सांगतात. मला त्यातले दिवे तेवढे आठवतात. मग अकरा दिवस नाकातून नळी, कुशीतून नळी, आणि कुशीतल्या नळीला जोडलेल्या बाटलीत जे जमायचं त्याचा वास. तो माझाच होता हे समजायला वेळ लागला.

सर्जन काल चिडले. "पहिल्या दिवशी खांद्याचं सांगितलं असतंत तर एवढं झालंच नसतं. का नाही सांगितलं?" मी म्हटलं, लक्षात आलं नाही.

धाकटा दोनदा आला. त्याचं एक दिवसाआड डायलिसिस, त्याला कसं जमणार? भावजय मात्र रोज आली. रोज! दुपारी पोरीला शाळेत सोडून यायची. माझं अंग पुसायची, केस विंचरायची, बाटलीसुद्धा स्वतः नेऊन ओतायची. आया असताना कशाला, म्हटलं तर ऐकायची नाही. तोंडाने एक शब्द नाही. तेरा वर्षांत आमचं एवढं काही सख्य नव्हतं. सख्खी बहीण करणार नाही एवढं हिने केलं. कुठून आलं एवढं प्रेम?

एकदा रक्त न्यायला आलेला लॅबचा माणूस तिला बघून म्हणाला, "काय ताई, तुमच्या त्या तपासणीचं पुढे काय झालं?" ती म्हणाली, "तुमचा दुसऱ्याच कुणाशी तरी घोळ होतोय," आणि कंगवा धुवायला गेली. कंगवा स्वच्छ होता. दवाखान्यात रोज येऊन येऊन हिला सगळे ओळखायला लागलेत.

१८ एप्रिल

घरी. वजन १०६. गळतीचा एवढा फायदा झाला म्हणायचा.

११ मे

दुकानात गेले. सगळे हळू बोलतात. मालकांनी माझ्या खुर्चीवर उशी ठेवलीय. बुलबुल म्हणाली, "किती उतरलात हो," आणि पुढचं गिळलं. एरवी बाईमाणूस बारीक झालं की लोक कौतुक करतात. माझ्या बाबतीत दिवस मोजतायत. खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण मालकांनी मोठ्या ऑर्डरची पेटी स्वतः उचलून आणून दिली, आणि मग नाही सांगितलं. बावीस वर्षांत त्यांनी माझ्यासाठी काही उचललं नव्हतं.

७ जून

धाकट्याकडे जेवायला. माझ्यापुढे औषध मोजायची वाटी, त्यात चार चमचे मऊ भात आणि दही. त्याच्यापुढे पाण्याचा छोटा पेला, दिवसभरात लिटरभरच चालतं त्याला. तो घोट घोट मोजतो, मी चमचा चमचा. पोरगी म्हणाली, "तुम्ही दोघं भातुकली खेळताय का?" धाकटा इतका हसला की त्याला धाप लागली. आम्ही खरंच खेळायचो. आई कामाला गेली की मी त्याला बशीत पाणी वाढायचे.

त्याचा चेहरा मातीसारखा झालाय. डायलिसिसच्या सुया टोचून हातावर फुगलेली ती शीर बघवत नाही. पंच्याऐंशी व्हायला अजून चौदा किलो.

परतताना रस्त्यातच उलटी झाली. चार चमचे होते, त्यातला चौथा जास्त झाला असेल.

२५ जून

न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा पुंजका. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं, गळतील. एवढे?

बाईंना सांगितलं: सकाळी दोन अंडी, दुपारी वाटीभर डाळ, संध्याकाळी पनीर. त्यांनी खूश होऊन लिहून घेतलं. खरं म्हणजे अंडं तोंडात घातलं की छातीत दगड बसतो आणि थोड्या वेळाने बाहेर येतं. पण वजन कसं झरझर उतरतंय! सांगितलं तर थांबवतील, आधी नीट खा म्हणतील. धाकट्याला तेवढा वेळ आहे का? नंतर काय, आयुष्यभर खायचंच आहे.

३० ऑगस्ट

९०.

आज दुकानात काच फ्रेममध्ये बसवताना हात थरथरला आणि काच कडेला उडाली. मालक काही बोलले नाहीत. त्यांनी दुसरी काढून दिली. त्यांचं काही न बोलणं मला आवडेनासं झालंय.

संध्याकाळी पावाच्या दुकानासमोर उभी राहिले. वास आला. भूक नाही लागली. काहीच नाही लागलं. पूर्वी दिवस कितीही वाईट गेला तरी घरी गेल्यावर काहीतरी होतं. आता घरी गेल्यावर नुसतं घर असतं.

१७ ऑक्टोबर

८४.६! किडनीच्या डॉक्टरांनी काटा स्वतः बघितला. म्हणाले, "कमाल केलीत. मी वीस वर्षांत दोनच माणसं बघितली असं करणारी." रक्तात प्रथिनं जरा कमी आहेत, पण महिनाभरात वाढवा म्हणाले. वाढवते म्हटलं.

तारीख मिळाली. एकवीस नोव्हेंबर. कोऑर्डिनेटर बाईंनी भिंतीवरच्या तक्त्यावर माझं आणि धाकट्याचं नाव एका ओळीत लिहिलं. मी किती वेळ ते बघत उभी होते. सत्तेचाळीस वर्षांत माझ्यासाठी कुणी तारीख ठरवली नव्हती.

धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तुझं मी कसं फेडू?" मी म्हटलं, "फेडायचं काय त्यात, येड्या. तुझंच आहे." ठेवल्यावर रडू आलं. आनंदाचं. चक्करही आली, तेव्हा जमिनीवरच बसून राहिले थोडा वेळ.

२९ ऑक्टोबर

मालकांना पुन्हा रजेचा अर्ज दिला. त्यांनी वाचलाच नाही. म्हणाले, "घ्या हो, हवी तेवढी घ्या." आणि मग, "तुमच्या जागी मी कुणाला घेतलेलं नाही. एवढं लक्षात ठेवा." त्यांना वाटतंय मी मरायला चाललेय. मी हसू दाबलं.

४ नोव्हेंबर

काल दिवसभर धाकटा फोन उचलत नव्हता. भावजयही नाही. मला वाटलं डायलिसिस लांबलं. आज दुपारी दुकानात पोरीचा फोन. "आत्या, बाबांना किडनी मिळाली! काल पहाटे बोलावलं. बाबांना शू पण झाली!"

मी म्हटलं, "कुणाची?"

"माहीत नाही. एक मुलगा गाडीवरून पडला. यादीत पुढच्या कुणाला जुळली नाही म्हणे."

"आधी का नाही कळवलंत?"

"आई म्हणाली तुला फोन कर. मी विसरले." मग ती म्हणाली, "आत्या, तू खूश आहेस ना?"

खूश आहे म्हटलं. बुलबुल शेजारी उभी होती, तिने विचारलं, रिपोर्ट आला का? मी म्हटलं, हो. चांगला आहे. तिने टाळ्या वाजवल्या.

६ नोव्हेंबर

त्याला काचेतून बघितलं. दीड वर्षांनी त्याच्या गालावर रंग बघितला. काचेपलीकडून फोनवर बोलता येतं. तो म्हणाला, "ताई, सुटलीस तू!" दोनदा म्हणाला. पाणी पीत होता, मोठ्या पेल्यातून, गटागट, आणि मला दाखवून.

मी हात हलवला. कोऑर्डिनेटर बाईंच्या खोलीवरून आले तर तक्त्यावर एकवीस तारखेपुढे दुसरीच दोन नावं होती.

आता इथे खरं लिहिते, दुसरं कुठे लिहिणार? पोरगी फोनवर ते बोलली तेव्हा पहिलं मनात आलं ते, "मग माझं काय?" आणि नंतर त्या मुलाचा हेवा वाटला. ज्याची आई कुठेतरी रडत असेल त्याचा. त्याने एका सकाळी येऊन, काही न करता, माझी जागा घेतली. मी नऊ महिने घालवले. मला चांगलं माहीत आहे की असं वाटणारी बाई चांगली नसते.

१० नोव्हेंबर

भावजय घरी आली. बसली नाही. दाराशीच उभी राहून म्हणाली, "ताई, तुम्हाला सांगायचंय. तुम्ही शिव्या दिल्यात तरी चालेल."

"बस आधी."

"माझी जुळत होती. तुमच्या आधी माझी तपासणी झाली होती. मी भ्याले. पोरगी एवढीशी. आम्ही दोघंही आडवे झालो तर तिचं कोण? मी यांना नाही म्हटलं."

मी खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"हे म्हणाले, राहू दे. ताईला सांगू. ती नाही म्हणणार नाही."

"असं म्हणाला? नाही म्हणणार नाही?"

"हो."

"केव्हा? डॉक्टरांकडे जायच्या आधी?"

"आधीच. गेल्या वर्षी." ती रडत होती. "तुमची ती बाटली ओतताना रोज वाटायचं, हे माझं होतं. माझ्या वाटचं तुम्ही भोगताय."

मी तिला पाणी दिलं. म्हटलं, "बरोबर केलंस तू. पोरीची आई आहेस." आणि धाकट्याबद्दल म्हटलं, "खरंच बोलला तो. मी कुठे नाही म्हटलं?" बहुतेक तिला शिव्याच हव्या होत्या. मला आल्या नाहीत. ती गेल्यावर ओट्याशी उभं राहून पावाचा एक तुकडा खाल्ला, लोणी आणि साखर लावून. मग न्हाणीघरात गेले.

"असलं काही करायचं नाही हं तू," असं म्हणाला होता तो डॉक्टरांसमोर. मी मागची पानं उलटून बघितली. तसंच लिहिलंय.

१३ नोव्हेंबर

८०.९.

१५ नोव्हेंबर

आज कोऑर्डिनेटर बाईंकडे गेले. त्यांना वाटलं धाकट्याचं काही आहे. मी म्हटलं, नाही, माझं आहे. "माझ्या सगळ्या तपासण्या झाल्यात. वजन झालंय. यादीत दोनशे माणसं आहेत ना? त्यातल्या कुणालाही द्या. मला नाव सांगू नका."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "असं नाही देता येत हो. जिवंत माणसाची घरातल्यालाच देता येते. नियमच आहे."

"नियमाच्या वर कुणी नसतं का? मी अर्ज लिहून देते."

"नाही."

"मग एवढं केलं त्याचं मी काय करू?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातांकडे. मी ते पर्सखाली घेतले. मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "आज काय खाल्लंत?"

"दोन अंडी," मी म्हटलं. "वाटीभर..." आणि पुढे मला आठवेना. रोज म्हणते ते वाक्य, तरी आठवेना. मग म्हटलं, "काही नाही. काल सकाळपासून काही नाही. खाल्लेलं राहत नाही."

"कधीपासून?"

"जूनपासून."

"जूनपासून!" त्या उठल्या, मला दंडाला धरलं आणि वरच्या मजल्यावर सर्जनच्या दाराशी नेऊन बसवलं. माझ्यापुढे सहा जण होते. त्यांनी आत जाऊन काहीतरी सांगितलं आणि मला आधी घेतलं.

सर्जनने पोट दाबलं, डोळ्यांच्या पापण्या ओढल्या, जीभ बघितली, हात पुढे धरायला लावले. म्हणाले, नळी मध्येच आवळली असणार, ती फुगवून मोठी करता येते, केव्हाच करता आली असती. दिवसातून किती वेळा होतं ते विचारलं. ते सगळं सांगितलं. दहापैकी किती दुखतं? आठ. मग ते म्हणाले, "तुम्हाला गप्प बसायची हौस आहे का? पहिल्या खेपेला मरता मरता वाचलात. आणि तरी पाच महिने एक शब्द नाही?"

मी म्हटलं, "तेव्हा मी लागत होते."

त्यांना कळलं की नाही माहीत नाही. त्यांनी लिहायला घेतलं. उद्या सकाळी आठला भरती. किती दिवस, ते आत गेल्यावर ठरेल. दुकानात रजा मंजूर आहेच, मालक काही विचारणार नाहीत. पण उद्या जायच्या आधी त्यांना गाठीचं खरं सांगणार आहे.

पिशवी भरली. दवाखान्याचा फॉर्म भरतेय. नाव, वय, उंची, वजन, आधीची ऑपरेशनं, सगळं लिहून झालं. खाली विचारलंय, सोबत कोण राहणार, नाव आणि नातं. ती ओळ अजून रिकामी आहे.